साडेनऊवरचा काटा

मिस्त्री : डायव्हिंगचे दोन रेग्युलेटर, चार माउथपीस, दोन जॅकेट, दोन गेज. मोजून घे पोरी, पण एवढ्यात नेऊ नकोस.

ताई : असं कसं काका? उद्या सकाळी सहाला बोट सुटते.

मिस्त्री : हवा अडवणारी आतली चकती कालच बदललीय दोन्ही रेग्युलेटरांत.

धाकटा : नवी ना? मग चांगलंच की!

मिस्त्री : नवी म्हणजे अजून न बसलेली. चार वेळा वापरली की दबते, मग पुन्हा जुळवावी लागते. म्हणून सांगत असतो, महिनाभर आधी आणा.

ताई : मीच मुद्दाम थांबले. म्हटलं, सर्व्हिसिंग जितकं ताजं तितकं बरं.

मिस्त्री : दूध आहे का ते?

धाकटा : काका, हिला आणखी घाबरवू नका. आधीच रात्र-रात्र जागते.

ताई : गप रे. गेल्या वर्षी अठरा मीटरवर याच्या तोंडातून हवा भसाभस सुटली, काका. बुडबुड्यांत हा दिसेनासा झाला. मी सेकंद मोजत होते. अकराव्याला याचा हात लागला.

धाकटा : आईला यातलं काही माहीत नाही हं.

मिस्त्री : तेव्हा निघण्याआधी काटा पाहिला होता कुणी?

ताई : नाही.

मिस्त्री : आज पाहू. सिलिंडर जोडलाय. काटा साडेनऊ बार दाबावर ठरला पाहिजे. दहापर्यंत ठीक. त्यापुढे सरकला, तर चकती गळतेय. पाण्याखाली हवा कधी सुटेल, सांगता येत नाही.

धाकटा : मग दुसरी बसवा.

मिस्त्री : होत्या त्या दोन संपल्या. मागवल्यात, दहा दिवस लागतील. भाड्याचे संचही सगळे बाहेर गेलेत.

धाकटा : मी सोमवारी जातोय, काका. दोन वर्षं परत यायचा नाही.

मिस्त्री : म्हणूनच आधी ठरवा, मग बघा. काटा दिसला की माणूस स्वतःची समजूत घालायला लागतो.

ताई : दहाच्या पुढे गेला तर दोघंही उतरणार नाही.

धाकटा : तू तरी जा.

ताई : दोघंही नाही.





मिस्त्री : ताईचा लावतो आधी. साडेनऊ... पाच मिनिटं झाली. साडेनऊच. आता याचा. बघा, साडेनऊ.

धाकटा : हलत नाहीये!

मिस्त्री : थांब जरा.

(तिघेही काट्याकडे पाहत राहतात.)

ताई : नऊ पॉइंट आठ.

धाकटा : थांबला.

ताई : दहा.

धाकटा : आता थांबला. थांबलाय ना, ताई?

ताई : दहा पॉइंट तीन.