वर्तणुकीचा रकाना

आम्ही मूळचे हडपसरचेच, म्हणजे हडपसर गाव होतं तेव्हापासूनचे. वडील पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन मंडईत जायचे आणि परत आले की आम्हा बहिणींचे पाढे घ्यायचे, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी शिकले, बी.एड. केलं, गावातल्याच शाळेत लागले, गणित शिकवता शिकवता केस पिकले आणि एक दिवस मुख्याध्यापिका झाले. कर्तृत्व काही नाही हो, माझ्या पुढचे सगळे रिटायर झाले, एवढंच.

ऑर्डर घेऊन घरी आले तर सासूबाईंनी ओवाळलं. त्यांना हिंदी पिक्चरचा भारी नाद, आणि पिक्चरमधला प्रिन्सिपल तर तोंडपाठ. त्याची ती मोठी केबिन, टेबलावर पृथ्वीचा गोल, त्यानं नुसता चष्मा काढला तरी सगळे चिडीचूप, आणि मग बोट दाखवून, आत्ताच्या आत्ता माझ्या शाळेतून चालता हो! सासूबाई म्हणाल्या, आता तूपण काढ कुणाला तरी. आता कुणाला काढू? काय सांगू तुम्हाला, माझ्या केबिनमध्ये एका बाजूला पोषण आहाराच्या तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला खो-खोचे खांब आणि मधे मी. शिक्षक नेमायचा अधिकार संस्थेचा, त्याला निवडणुकीच्या कामाला न्यायचा अधिकार सरकारचा, आणि शिपाईमामांना चहा सांगितला तर ते म्हणणार, थांबा मॅडम, आत्ताच टेकलोय. पोराला काढायचं तर नावच नको, नियमच तसा नाही. घरी मात्र मी सासूबाईंना सांगायचे, आज एकाला अस्सं झापलं. खोटं कशाला बोलू, झापलं होतं ते मलाच, वरच्या ऑफिसातून, माहिती उशिरा भरली म्हणून.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे नववीत श्रावणी म्हणून मुलगी, वडिलांचं ग्रिल-दरवाज्यांचं वर्कशॉप. पोरगी नाचायची फार सुंदर. मधल्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवर युनिफॉर्ममध्ये नाचली, मैत्रिणीनं चोरून आणलेल्या मोबाईलवर त्याचं रील केलं, आणि ते फिरत फिरत गावाकडं आत्याच्या फोनवर जाऊन पोचलं. दुसऱ्या दिवशी वडील माझ्या केबिनच्या दारात. बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, मॅडम, पोरीचा दाखला द्या, लोकं हसायला लागलीत, गावाला आजीपाशी ठेवतो, शाळा पुरे झाली आता.

बघा म्हणजे, पिक्चरमध्ये प्रिन्सिपल काढतो आणि बाप हात जोडतो. इथं बापच काढायला आलेला आणि हात मी जोडत होते. अहो, दहावी तरी होऊ द्या, हुशार आहे, नाचली म्हणजे काय गुन्हा केला का. ते म्हणाले, तुमच्या घरची नाही ना नाचली. मग माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे, सासूबाईंबरोबर बघितलेले सगळे पिक्चर एकदमच आले असतील, मी उठले, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, मी दाखला देणार नाही!

ते शांतपणे म्हणाले, बरं, तसं लेखी द्या.

आता लेखी काय देणार, कपाळ? पालकानं अर्ज केला की दाखला अडवता येत नाही, हे त्यांना माहीत, मला माहीत, आमच्या क्लार्क जगतापभाऊंना तर नियमाच्या नंबरासकट माहीत, ते कोपऱ्यात खोकले. मी खाली बसले. हातही चांगलाच झणझणत होता.

म्हटलं, ठीक आहे, तुम्हीपण लेखी द्या, स्वतःच्या हातानं, कारणासकट. मला वाटलं, पोरीची शाळा सोडायचं कारण लिहिताना बापाचा हात थांबेल. आणि थांबलाही हो! पेन हवेत धरून बसले, म्हणाले, कारण काय लिहू? मी म्हटलं, जे असेल ते. तेवढ्यात जगतापभाऊ, मदतीला सदा तयार माणूस, म्हणाले, घरगुती लिहा ना, चालतंय. झालं! लिहिलं घरगुती. मी जगतापभाऊंकडं असं बघितलं, पण माझ्या बघण्याला घाबरतंय कोण.

दाखला भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, सगळं रजिस्टरवरून जसंच्या तसं, तिथं माझं काही चालत नाही. मग आला वर्तणुकीचा रकाना. तिथं सगळ्यांना चांगली असंच लिहायची पद्धत, हात आपोआप लिहितो. मी थांबले आणि लिहिलं, अतिशय चांगली. खाली सही, शिक्का.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. म्हणाले, हे तुम्ही लिहिलं? म्हटलं, हो. रील बघूनसुद्धा? म्हटलं, दोनदा बघितलं. पाचवीतल्या एका मुलीची आई गेली, ती दोन महिने वर्गात डबा उघडायची नाही, तुमची श्रावणी रोज तिच्याजवळ जाऊन जेवायची, ते रीलमध्ये नाहीये. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, राहू द्या दोन दिवस तुमच्यापाशीच.

सोमवारी पोरगी वर्गात हजर. जगतापभाऊ म्हणाले, मॅडम, आता हा दाखला रद्द करायचा तर कारण काय लिहू? म्हटलं, घरगुती लिहा ना, चालतंय.

आता ती दहावीत आहे. पण सगळंच जिंकले असं समजू नका. यंदा गॅदरिंगच्या आधी मी वडिलांना विचारलं, श्रावणीला नाचू द्याल का? ते म्हणाले, मॅडम, तेवढं सोडून बोला. सोडलं मी. ती स्टेजवर गेली नाही. पाचवीच्या मुलींचा नाच मात्र तिनं बसवला, महिनाभर मधल्या सुट्टीत, आणि त्या दिवशी विंगेत उभी राहून हातानं त्यांना ताल देत होती. वडील मैदानात मागं उभे होते. नाच संपल्यावर जोरात टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाले, लई ग्वाड नाचल्या पोरी, कुणी बसवलं हो? मी म्हटलं, शाळेनं. ते विंगेकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, चांगलं बसवलंय.

मी विंगेतल्या श्रावणीकडं बघितलं आणि मनातच म्हटलं, बाई गं, शिक, मोठी हो, नाच.