पाठमोरी हाक

(हॉक्सबरी नदीचा काठ, मूळ रहिवाशांच्या या मुलखात गोऱ्यांनी नुकती वस्ती केलेली. वारीगा आणि तिचा जावई गोमूल एकमेकांकडे पाठ करून बसलेत. मध्ये तिची लेक बेरीना.)

वारीगा : तुझ्या नवऱ्याला सांग, उद्या टेकाडावर पहाऱ्याला मी बसणार नाही.

बेरीना : ऐकलं त्याने. इथंच तर बसलाय.

वारीगा : तरी तू सांग. सासू जावयाशी बोलते का कधी, की त्याचं तोंड बघते?

बेरीना : गोमूल, आई पहाऱ्याला नाही म्हणते.

गोमूल : मग मक्यात शिरायचं कसं? पोरं उपाशी आहेत. आपले कंद नांगरून गोऱ्यांनी तिथं मका लावला, आणि आपण दोन कणसं तोडली की आपण चोर!

बेरीना : आई, तो म्हणतो...

वारीगा : मी बहिरी नाही. पण काल जे झालं ते माझ्यामुळे. लाल डगलेवाले शिपाई झाडीतून उतरताना मला टेकाडावरून दिसले. मक्यात हा आणि याचा भाऊ. जावयाला हाक कशी मारू? तुलाच शोधत राहिले.

बेरीना : मी पाण्याला गेले होते. मला तरी कुठे चैन पडतंय?

वारीगा : शेवटी लाज सोडून ओरडले, तर लगेच बंदुका वाजल्या. माझ्या उशिराने त्याचा भाऊ गेला.

बेरीना : गोमूल, काहीतरी बोल ना. कालपासून ती पाण्यालाही शिवली नाही.

गोमूल : तिला सांग, तिने उशीर केला नाही.

बेरीना : म्हणजे?

गोमूल : लगेच नाही वाजल्या बंदुका. हाकेनंतर नदी गाठण्याइतका वेळ होता. मी ऐकली हाक. भाऊ वळून बघायला लागला, तर मीच त्याची मान खाली दाबली. म्हटलं, माझी सासू ती तुझीही सासूच, बघू नकोस.

बेरीना : आणि हे आत्ता सांगतोस?

गोमूल : कोणत्या तोंडाने सांगू? ती स्वतःला बोल लावत होती, आणि मी मुकाट्याने ऐकून घेत होतो. मला बरंच वाटत होतं ते.

बेरीना : आई, ऐकलंस?

वारीगा : ऐकलं.

बेरीना : मग काय सांगू त्याला?

वारीगा : सांग, जावयाने असंच वागायचं असतं.

बेरीना : तो रडतोय गं.

वारीगा : रडू दे. आणि सांग, उद्या मी बसते टेकाडावर. तू माझ्या शेजारी बस. मी बघेन, हाक तू मार.