वर चालू दिसते

आमच्या जिवतीकडच्या ग्रामपंचायतीचा कंप्युटर सुरू होये, पण त्यावर काहीच उघडे नाई. रहिवासी दाखल्यासाठी पहाड उतरून आलेली बाई सकाळपासून दारात बसून. तिथला ऑपरेटर मी, शेवटी मीच बिघाड शोधला. वरच्या ऑफिसानं टाकलेला एक प्रोग्राम आधी नेटवर्क शोधे, अन् ते भेटेपर्यंत बाकी सारं अडवून ठेवे. तो काढला, दाखला निघाला.

दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसातल्या साहेबाचा फोन. "तुमचा कंप्युटर बंद का दिसतोय?"

"साहेब, कालच तर चालू झाला."

"तो प्रोग्राम परत टाका. कंप्युटर चालू आहे की नाही, हे आम्हाला त्याच्यावरूनच कळतं."

टाकला बाप्पा. आता दुपारी कधीतरी नेटवर्क येते, तेव्हा कंप्युटर चालू असल्याचं वर समजते. तोवर बाया उठून गेलेल्या असतात.