कासवाची परतफेड

— नाही हो, फार जुनं नाही, गेल्याच वर्षी. एकोणीसशे त्र्याण्णव, आपल्या चिनी नव्या वर्षाची पौर्णिमा, ऊन असं की आमची घरं ज्यावर उभी त्या धक्क्याच्या फळ्या तडकत होत्या — तेव्हा मी या देवळातून कासव मागून नेलं. तुम्ही इपोहचे ना? तुमच्याकडं ही रीत नसेल तर ऐका, रांग काही सरकत नाही. देवापुढं तांदळाच्या पिठाची लाल कासवं मांडतात. नवस बोलायचा, दोन लाकडी चंद्रकोरी टाकायच्या — एक उताणी, एक पालथी पडली की देव हो म्हणाला. मग एक कासव न्यायचं, खायचं, पुढच्या वर्षी याच पौर्णिमेला दुप्पट परत. एकाची दोन. म्हणून हा डबा. — नाही, उघडणार नाही. तुम्ही आपले त्या टेबलाकडंच बघा, मघापासून बघताय. बी चूची कासवं, आमच्या शेजारणीची. बघा, बघा. सगळं पेनांग बघतं.

नवस बायकोसाठी. गुआट इमच्या छातीत पाणी झालेलं. डॉक्टरनं मान हलवली. मी ते कासव आणून तिला चिमूट चिमूट भरवलं. उठली. आठवड्यात उठून बसली — आणि पहिला शब्द काय? माझं नाव? छे. म्हणाली, "हे कुणी केलंय? किती मऊ!" बी चूनं, आणखी कुणी! समोरच्याच दारातली विधवा, मधे चार फळ्या. झालं. तेव्हापासून ही सकाळी माझ्यापुढं कॉफी आदळते आणि चालली समोर. देवाकडून बायको मागून आणली मी, आणि ती बसते बी चूच्या चुलीपाशी! दोघी खिदळतात. माझ्या घरात ती अशी हसली होती का कधी — असेल हसली. मला आठवत नाही.

जळतो? मी? जन्मभर वल्हं मारून हाडं झिजवलेला माणूस, पीठ मळणाऱ्या बाईवर जळू? — एवढंच म्हणालो, धक्क्यावर, चारचौघांत, की इतकं मऊ डुकराच्या चरबीशिवाय होत नाही. देवाच्या ताटात अंडं नाही, जनावराचं दूध नाही, चरबी तर नाहीच. बोललो. लोकांनी ऐकलं. तर ती बाई बाहेर आली, कढईच माझ्या नाकाखाली धरली — "हुंगा, भावजी. शेंगदाण्याचं तेल आहे. चरबी तुमच्या जिभेवर आहे, ती आधी पुसा." सगळा धक्का हसला. गुआट इमसुद्धा. तिचं हसणं मला वेगळं ऐकू आलं.

बरं, मग देवाची फेड कशी करायची? गुआट इम म्हणाली, "समोरून दोन आणते." म्हटलं, त्या चुलीवरचं नको. "घरी करते." म्हटलं, तुझी कधी उभी राहिलीत? — आणि खोटं नाही हं, आमच्या घरी पहिल्यापासून तिची कासवं सपाट. नक्षी पुसलेली, पाठ बसलेली. पापड म्हणायचो मी. तर म्हणाली, "मग तूच कर, म्हाताऱ्या." केली. काल. त्यात काय आहे? चिकट तांदळाचं पीठ, उकडलेलं रताळं, नारळाचं दूध, आत मुगाच्या डाळीचं गोड सारण, साच्यात दाबायचं, केळीच्या पानावर वाफेला. आणि झाकण उघडायचं नाही. हे मी तिला लग्न झाल्यापासून ओरडून सांगतोय — तिचा हात सारखा झाकणाकडं, आणि मी म्हणायचो, ठेव खाली, सरपण काय तुझा बाप देतो? ठेवायची. मीही झाकलेलंच ठेवलं. — पापड.

हसू नका. ती हसली नाही. तिनं पुन्हा पीठ मळलं, दोन कासवं साच्यातून काढली, वाफेला ठेवली, आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, झाकण उचललं. वाफ सोडली. ठेवलं. पुन्हा उचललं. वाफ कोंडली की कासवं फुगतात आणि मग बसतात, म्हणे. समोर कळलं तिला. तिथं कुणी ओरडत नाही ना. — त्या टेबलावरची? हो, तीही हिनंच केलीत. वर्षभर सगळी हिचीच. तुम्ही सगळे आपले बी चूची, बी चूची — मी म्हणालो? बरं, मी म्हणालो.

आणि काल मी काही बोललो नाही. जीभ इथवर आली होती — झाकण! — गिळलं. तिनं तिसऱ्यांदा उचललं तेव्हा वळून म्हणाली, "गप्प का? बरं नाही का?" म्हटलं, ऊन लागलं. बस्स. आज पुन्हा समोरच गेलीय. जाऊ दे. — जाऊ दे कसलं! राग येतोच. येणारच.

सरका, माझी पाळी. — हो, फेडायला आलोय. दोन. बघून घ्या, नक्षी बघा. चिठ्ठीवर नाव? माझं नको. करणारीचं लिहा. — बी चू नाही हो! गुआट इम. माझी बायको. मोठ्या अक्षरात लिहा. आणि तिकडं कोपऱ्यात नको. पुढं ठेवा.

फिटलं.