मागे सगळं ऐकू जातं

ड्रायव्हर : ...म्हणून म्हणतो, ही किल्ली घे. खिळ्याला अडकव, नाहीतर साहेबांच्या टेबलावर ठेव. माझं काम संपलं.

वायरवाली : मी नाही घेणार. माझे हात ग्रीसचे आहेत.

ड्रायव्हर : विजेच्या गाडीला ग्रीस?

वायरवाली : दरवाजाला. मागचा दरवाजा कुरकुरत होता. इंजिनाचा आवाज नाही ना, मग शववाहिकेत दरवाजा कुरकुरला तरी सगळ्यांचं लक्ष जातं. आणि काका, विषय बदलू नका. गाडी येऊन दहा दिवस झाले. तुम्ही फेरी मारलीत एक. त्यानंतर कधी पाठ, कधी गुडघा, आणि आज थेट किल्लीच परत. तीस वर्षं मेलेल्यांना घेऊन फिरलात आणि एका गाडीला घाबरलात?

ड्रायव्हर : घाबरलो नाही. पटत नाही.

वायरवाली : काय पटत नाही?

ड्रायव्हर : तीन फेऱ्या झाल्या की हिचं पोट रिकामं. चौथा माणूस गेला तर त्याला काय सांगू, थांब बाबा, गाडी चार्जिंगला लावलीय?

वायरवाली : थांबेल की. त्याला कसली घाई?

ड्रायव्हर : त्याला नसते. दारात उभे असतात त्यांना असते. आपल्या म्हातारीची, जुन्या डिझेलच्या गाडीची, टाकी भरली की चार दिवस बघायला नको. आणि शेडमध्ये प्लग किती? एक. त्यालाही कायम साहेबांची स्कूटर लटकलेली.

वायरवाली : ती सकाळी मीच उपटली. साहेब मीटिंगला चालत गेले.

ड्रायव्हर : उपटलीस?

वायरवाली : डोकं फिरलं माझं. चालू द्या, पुढचं काय?

ड्रायव्हर : टायर. बॅटरीचं वजन बघ. पुढचे दोन वर्षभरात टकले होणार.

वायरवाली : झाले तर बदलू. तुमच्या म्हातारीला महिन्याला ऑइल, फिल्टर, बेल्ट आणि तुमच्या शिव्या लागतात. आत्ताही स्प्रिंगचा पाटा तुटून कोपऱ्यात पडलीय. आणि ही चढावर खाल्लेलं उतारावर थोडं परत देते. स्मशानाच्या उतारावर नुसता पाय सोडून बघा. ब्रेक मारायचा नाही. पडद्यावरचा आकडा वाढतो.

ड्रायव्हर : त्या उतारावरून मी हजारो माणसं नेली, पोरी. तिथे कोणाला काही परत मिळताना बघितलं नाही.

वायरवाली : धुराचं तरी बोला. म्हातारी हॉस्पिटलच्या मागच्या दारात चालू उभी असते, आणि बरोबर वर छातीच्या आजाराचा वॉर्ड. नर्स खिडकीतून ओरडायची. ही उभी राहिली तर खिडकी उघडी राहते.

ड्रायव्हर : आणि हिची वीज कुठून येते? नदीपलीकडच्या धुराड्यातून. कोळसा जाळून. तुम्ही लोकांनी धूर बंद नाही केला, नुसता पत्ता बदलला.

वायरवाली : धुराडं गावाबाहेर आहे.

ड्रायव्हर : माझी बहीण राहते तिथे. गावाबाहेर. तिच्या दोरीवरचे कपडे बघून ये एकदा. पांढरी चादर घालते, राखाडी काढते. रात्रभर खोकते. तिची खिडकी कोण उघडणार?

वायरवाली : ते फडकं द्या इकडे. हात पुसते.

ड्रायव्हर : बोल की.

वायरवाली : खरं आहे ते. दोन्हीकडचा मिळून धूर कमीच होतो, असं शिकवलंय आम्हाला. पण तुमच्या बहिणीला कमी झाला का, ते कोणी शिकवलं नाही.

ड्रायव्हर : आणि बॅटरी मेल्यावर? कुठल्या तरी डोंगराचं पोट फाडून काढलेला माल तो. दहा वर्षांनी टाकायचा कुठे? माणसांना पोचवायला मी आहे. बॅटरीला पोचवायला कोण?

वायरवाली : परत घेतात म्हणे कंपनीवाले. घेतील तेव्हा खरं. बघा काका, हे सगळं तुम्ही गाडी येण्याआधीपण बोलत होता. कॅन्टीनमध्ये बसून तासतासभर. आणि तरी पहिल्या दिवशी सकाळी सहाला येऊन तिला पुसत होता. मी बघितलंय. आरशाला फुंकर मारून पुसत होता. मग पहिल्या फेरीत असं झालं काय?

ड्रायव्हर : काही नाही झालं.

वायरवाली : ऑफिसला एक पत्र आलंय.

ड्रायव्हर : माहितीये.

वायरवाली : कसं?

ड्रायव्हर : शिपाई म्हणाला, ड्रायव्हरबद्दल कुठल्यातरी बाईंचं पत्र आहे. म्हणूनच म्हणतोय, किल्ली घे. साहेबांनी बोलावून सांगण्याआधी मीच जातो. तीस वर्षांत एक तक्रार नाही माझ्यावर. तेवढं तरी राहू दे.

वायरवाली : तुम्ही वाचलं नाहीत?

ड्रायव्हर : वाचायला कशाला पाहिजे? मी काय बोललो ते मला माहितीये.

वायरवाली : काय बोललात?

ड्रायव्हर : हसशील.

वायरवाली : हसले तर तो पाना मारा डोक्यात.

ड्रायव्हर : मी बोलतो त्यांच्याशी.

वायरवाली : कोणाशी?

ड्रायव्हर : मागे झोपलेला असतो त्याच्याशी. तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या दिवशी भीतीने बोललो. मी पुढे एकटा, मागे ते. गप्प बसवेना. मग सवय लागली. मग वाटलं, मागच्या काचा दुधाळ, बाहेरचं काही दिसत नाही. माणूस जन्मभर या रस्त्यांनी गेला. शेवटच्या खेपेला कोणीतरी सांगावं की नको, आता पूल आला, आता बाजार आला? म्हातारीचा आवाज एवढा, की माझं मलाच ऐकू यायचं नाही. मागे बसलेल्यांना कुठून येणार?

वायरवाली : आणि ही गाडी...

ड्रायव्हर : हिला आवाजच नाही. मी विसरलो. पहिली फेरी, एक आजोबा होते. मागे घरचे चौघं. मी आपला सुरू. आजोबा, पूल आला. आजोबा, बाजार आला, आज गर्दी कमी आहे. आणि मग आरशात बघितलं आणि म्हणालो... जाऊ दे.

वायरवाली : काका.

ड्रायव्हर : म्हणालो, आजोबा, तुमची सून रडत नाहीये, पण तिने दांडा असा धरलाय की बोटं पांढरी पडलीत. तिच्याकडे लक्ष असू द्या. आणि परत वर बघितलं तर ती बाई आरशातून माझ्याकडेच बघत होती. तेव्हा कळलं, मागे सगळं ऐकू जातं. लोकांच्या दुःखात तोंड घातलं मी. त्यांना उतरवलं आणि पळून आलो. ती मागून हाक मारत होती, तरी थांबलो नाही.

वायरवाली : बसा. त्या टायरवर बसा. पत्र माझ्याकडे आहे.

ड्रायव्हर : तुझ्याकडे कसं?

वायरवाली : साहेबांच्या टेबलावरून घेतलं. मीटिंगला चालत गेले ना, वेळ होता. वाचू? माझं वाचन तुम्हाला माहितीये, अडखळले तर बोलायचं नाही. "मागच्या मंगळवारी माझ्या सासऱ्यांना तुमच्या नवीन गाडीतून नेलं. गाडीचा आवाज नसल्यामुळे तुमचे ड्रायव्हर जे बोलत होते ते आम्हाला ऐकू आलं."

ड्रायव्हर : बास. कळलं.

वायरवाली : गप्प बसा हो. "सासरे अकरा वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मी केलं. ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. घरात सगळे कुजबुजत होते, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, सुटली एकदाची. माझी बोटं कोणी बघितली नाहीत. तुमच्या ड्रायव्हरनी बघितली. त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, ते घरच्यांनीपण ऐकलं. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. मी त्यांना थांबवायला गेले, पण ते निघून गेले. कृपया त्यांना सांगा."

ड्रायव्हर : काय सांगा?

वायरवाली : एवढंच आहे. "त्यांना सांगा." खाली सही.

ड्रायव्हर : परत वाच.

वायरवाली : सगळं?

ड्रायव्हर : बोटांचं.

वायरवाली : "माझी बोटं कोणी बघितली नाहीत. तुमच्या ड्रायव्हरनी बघितली." डोळ्याला काय झालं तुमच्या?

ड्रायव्हर : धूर गेला.

वायरवाली : धूर सोडणारी तर पाटा मोडून पडलीय. थांबा, हॉस्पिटलचा फोन आहे. हॅलो. हो, शेडमधूनच बोलतेय. किती वाजता? बरं. आणि बरोबर कोण आहे? कोणीच नाही? शेजारीपाजारी? बरं. बघते.

ड्रायव्हर : कोण आहे?

वायरवाली : एक आजी. तीन आठवडे वॉर्डात होत्या. नर्स म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी गप्पा मारायच्या. भेटायला मात्र कोणी आलं नाही. आत्ताही मागे बसायला कोणी नाही.

ड्रायव्हर : दुसरा ड्रायव्हर?

वायरवाली : सुट्टीवर. मी नेईन. जमेल मला.

ड्रायव्हर : तू वळणावर गाडी कशी फेकतेस ते मला माहितीये. शिकवली मीच ना.

वायरवाली : मग काय करायचं?

ड्रायव्हर : चार्जिंग किती आहे?

वायरवाली : बेचाळीस टक्के. स्कूटर उशिरा उपटली.

ड्रायव्हर : पुरेल?

वायरवाली : जाऊन येऊन पुरून उरेल. मी येते बरोबर, आकड्यावर लक्ष ठेवते.

ड्रायव्हर : बहिणीच्या दोरीचं मी बोलतच राहणार हां. साहेबांपुढेसुद्धा.

वायरवाली : बोला. मी येईन शेजारी उभी राहायला. किल्ली तुमच्याच हातात आहे, चला.

(गाडीत. पुढे दोघं, मागे एकट्या आजी.)

वायरवाली : बोला ना.

ड्रायव्हर : तू बसलीयस. लाज वाटते.

वायरवाली : मी खिडकीबाहेर बघते.

ड्रायव्हर : कान आतच राहतात ना.

वायरवाली : बरं, मी सुरू करते. आजी, मी ह्या गाडीची वायरवाली. डावीकडे माझी शाळा आली. नववीत सोडली. आता भिंतीला पिवळा रंग दिलाय, घाण दिसतोय.

ड्रायव्हर : त्यांना तुझा इतिहास कशाला?

वायरवाली : मग तुम्ही भूगोल सांगा.

ड्रायव्हर : आजी, हिचं मनावर घेऊ नका, तापट आहे पण कामाची आहे. आता पूल आला. पाणी कमी आहे. कठड्यापाशी दोघंजण गळ टाकून बसलेत, त्यांना आज काही मिळेलसं दिसत नाही. उजव्या हाताला लांब धुराडं आहे. ही गाडी त्याच्याच जिवावर चालते, तुम्हाला खोटं कशाला सांगू. हिचा आवाज नाही येत तुम्हाला, हो ना? म्हणून म्हटलं, आपणच बोलत जाऊ. बाजार बंद आहे आज. एक बाई दुकानाची पायरी धुतेय. आपल्याला बघून थांबली. हात पुसून उभी राहिलीय, आजी. तुमच्यासाठी उभी राहिलीय.

वायरवाली : काका, पुढे उतार.

ड्रायव्हर : दिसतोय. आजी, आता शेवटचा उतार. ब्रेक मारत नाही, नुसता पाय सोडतो. धक्का बसणार नाही.

वायरवाली : पडद्यावर चौतीस होते.

ड्रायव्हर : हं.

वायरवाली : चौतीसच आहेत अजून. थांबा. पस्तीस. पस्तीस झाले, काका.

ड्रायव्हर : मला काय सांगतेस? त्यांना सांग.