बोंगानीच्या नावाचं फुलपात्र

मंडळाचे अध्यक्ष माननीय प्रतापराव, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुण्या विद्याश्री मॅडम, आजचे सत्कारमूर्ती आणि माझ्या माडीवरचे भाडेकरू चिरंजीव बोंगानी, आणि मसालेभाताच्या वासानं मान मागे वळवून बसलेल्या समस्त बंधुभगिनींनो,

मी नरसिंहराव, बनशंकरीतला भांडीवाला. बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. स्वल्प जास्त झाली तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी. घंटी माझ्याच दुकानातली आहे, चांगली खणखणीत वाजते.

बोंगानी इंजिनियर होऊन परवा मायदेशी, दक्षिण आफ्रिकेला निघतोय. पुढच्या आठवड्यात तिथं मतदान आहे. काळ्या माणसाला पहिल्यांदाच मत! त्याची आई थेम्बीबाई साठ वर्षांची. तीस वर्षं एका गोऱ्या घरी राबली, त्यांची मुलं वाढवली, आणि मत? एकदाही नाही. आता मायलेक एकाच रांगेत उभे राहणार. वाजवा की टाळ्या!

चार वर्षांपूर्वी हा आला, तेव्हा बारा घरांनी याला खोली नाकारली. रंग बघून, दुसरं काय? तेराव्या घरी, म्हणजे माझ्याकडे, मिळाली. माझी छाती फुगली. त्याच महिन्यात याच व्यासपीठावरून मी तिथल्या वर्णभेदी सरकारच्या निषेधाचा ठराव मांडला. काय बोललो होतो! समोर बसलेल्या भीमाचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विचारा त्यांना.

आता जे सांगतो, ते आमच्या घरच्यांनाच ठाऊक आहे. ठराव मांडला त्याच आठवड्यात मी एक नवं स्टीलचं फुलपात्र घेतलं, मशीनवर त्याच्यावर 'बोंगानी' असं कोरलं, कडी लावली आणि मोरीजवळच्या खुंटीला अडकवलं. आपण भांड्यांवर नावं कशाला घालतो? लग्नाकार्यात हरवू नयेत म्हणून, आहेर म्हणून. मी घातलं ते आमच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. माझी बायको भागीरथी म्हणाली, "अहो, वेगळं कशाला? पोरगं आहे ते." मी म्हटलं, "तू गप्प बस, लोक काय म्हणतील?"

आणि या भल्या माणसाला काय वाटलं? आपला मान केला! कॉलेजातल्या पोरांना बोलावून दाखवायचा. मी आपला गालात हसून मान डोलवायचो. चार वर्षं डोलवली हो!

यंदाच्या पाडव्याला श्रीखंड खाता खाता म्हणाला, "अण्णा, आई काम करते तिथं तिचा पत्र्याचा मग मागच्या दाराबाहेर खिळ्याला असतो. घरातल्या कपांत ठेवत नाहीत. त्याच्यावर नावसुद्धा नाही. इथं मी परका, तरी माझ्या भांड्यावर नाव! मी हे घेऊन जाणार. मतदानाला निघायच्या आधी आईला यातून चहा देणार."

भागीरथी माझ्याकडे बघत होती. मी ताटावरून उठलो आणि दुकानात जाऊन बसलो. लाज वाटली. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

बोंगानी, ऐक बाबा. तो मान नव्हता. तुझ्या आईच्या मगाचा जो खिळा, तीच माझी खुंटी.

अरे, हसतोस काय? बघा, कानडी-मराठी मिसळून म्हणतोय, "सरी, बरं अण्णा, पुढं बोला."

बोलतो. असो. मंडळाचे, पाहुण्यांचे, आणि सकाळपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या भगिनींचे मनापासून आभार. भाषण संपवताना श्रोत्यांची क्षमा मागायची पद्धत आहे. ती मी मागणार नाही. असं वेगळं भांडं तुमच्यातल्या निम्म्या घरांत आहे. मला ठाऊक आहे, दुकान माझंच आहे!

क्षमा मागायची ती या मायलेकांची. बोंगानी, फुलपात्र खुशाल घेऊन जा, पण चहा ओतायच्या आधी आईला खरं काय ते सांग. मग विचार, यातून पिणार का? काय म्हणाली ते मला पत्रानं कळव. नाही म्हणाली तरी कळव. साठ वर्षांनी तिला विचारलं जातंय, तिनं मोकळेपणी नाही म्हणावं.