चौदाव्या रांगेतली टाळी

ओरेस्त : म्हणजे गोलरक्षकानं दोन सत्रं गोल अडवले, हा गुन्हा झाला?

ड्युगाल : गुन्हा नव्हे, अडचण. दोन-एकनं आपण पुढे आहोत. कोच म्हणून मला वरून, मालकांचा फोन आलाय : तिसऱ्या, शेवटच्या सत्रात तुला बाकावर बसवायचं आणि त्या नवख्याला जाळीपुढे उभं करायचं. आज हरलो तर आपण तळाला राहतो; आणि उन्हाळ्यातल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आइस हॉकीतली नवी पोरं संघ पाळीपाळीनं निवडतात तेव्हा, पहिली निवड मिळण्याची सर्वांत जास्त आशा तळाच्या संघालाच असते.

ओरेस्त : तो फिनलंडचा पोरगा.

ड्युगाल : तोच. असा खेळाडू पिढीतून एकदा जन्मतो म्हणतात.

ओरेस्त : असे तीन जन्मलेले आपल्याकडे आधीच आहेत. चषक कुठाय?

ड्युगाल : हा युक्तिवाद अपुरा आहे. चषक उचलणाऱ्या संघांच्या मुळाशी वरच्या निवडीचा एखादा खेळाडू बहुधा सापडतोच.

ओरेस्त : आणि तळाशी कुजणाऱ्या संघांच्या मुळाशी? तिथं तुम्ही सापडता. खेळाडू होतात तेव्हा ड्राफ्टमधली दुसरी निवड होतात तुम्ही! कधी हात तरी लावलात चषकाला?

ड्युगाल : न जिंकता कुणी खेळाडू त्याला हात लावत नाही, अपशकुन मानतात, ठाऊक आहे तुला. सास्काटूनला प्रदर्शनात ठेवला होता, तेव्हा माझी मुलगी त्याला मिठी मारून फोटो काढत होती. मी लांब उभा होतो, हात खिशात घालून.

ओरेस्त : पोरगं चांगलंच असतं, कोच. त्याच्यासाठी हरता हरता हरण्याची सवय आपल्याला लागते, आणि आला की आपण ती त्यालाही लावतो.

ड्युगाल : असेल. पण तुला बसवलं नाही, तर उद्या माझी खुर्ची जाते.

ओरेस्त : माझं तर आजच संपतंय. करार गेला, गुडघे गेले. हा शेवटचा सामना. नका बसवू. पाया पडतो तुमच्या.

ड्युगाल : अरे, लोकांनाही तू नको आहेस! मघाशी पक, ती एवढीशी रबरी चकती, तुझ्या पायांतून आत गेली, तेव्हा आपलंच स्टेडियम नाचत होतं. ऐकलंस ना?

ओरेस्त : बघितलंसुद्धा. चौदावी रांग, लाल कानटोपी. उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ड्युगाल : कोण?

ओरेस्त : बाबा.

ड्युगाल : ...तुझे?

ओरेस्त : माझ्यासाठी भर थंडीत, पहाटे उठून अंगणात पाणी ओतून खेळायला बर्फ करायचे, ते. चषकाची वाट बघण्यात म्हातारे झाले. नजरानजर झाली तसे खाली बसले. पण टाळी वाजवून झाली होती.

(सत्र सुरू होण्याचा भोंगा.)

ड्युगाल : खिशात फोन वाजतोय.

ओरेस्त : उचलणार?

ड्युगाल : वाजू दे. त्या नवख्याला सांग, बाकावरच बस म्हणावं. आणि तू मास्क चढव. मात्र त्या रांगेकडे बघू नकोस.

ओरेस्त : मान आपोआप वळते, कोच. लहानपणापासून.